क्रूसेड समजून घ्यायची असतील तर आधी वंशावळ काढा

क्रूसेडवरचं, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती सैन्यांनी काढलेल्या धर्मयुद्धांवरचं, पुस्तक उघडलं की मोहिमांची मोजणी सुरू होते: पहिली, दुसरी, तिसरी. वाचणारा १०९५ पासून उत्साहाने निघतो आणि शंभरेक पानांत बाल्डविन, रेमंड, बोहेमंड यांच्या गर्दीत हरवतो. मी इतिहास शिकवते. या विषयासाठी मुलांना मोहिमा आधी बाजूला ठेवायला लावते आणि एक मोठा कागद आडवा धरायला सांगते. त्यावर पेन्सिलने घराणी मांडायची, लढाया सगळ्यात शेवटी. जेरुसलेमच्या राज्याला मुलगे पुरले नाहीत, गादी लेकींकडून पुढे गेली, आणि प्रत्येक जावई येताना आपल्या मूळ घराण्याची भांडणं सोबत घेऊन आला. एवढं हाती लागलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

कागदाच्या मधोमध दुसरा बाल्डविन आणि त्याची आर्मेनियन राणी मॉर्फिया यांना बसवा. पहिल्या मोहिमेने १०९९ मध्ये जेरुसलेम घेतलं, गॉडफ्रीने राजा ही पदवी न घेता वर्षभर कारभार पाहिला, मग त्याचा भाऊ पहिला बाल्डविन राजा झाला. ही दोन नावं वरच्या कोपऱ्यात लिहिली तरी पुरे, कारण त्यांच्यामागे वारस नाही. दुसऱ्या बाल्डविनला (१११८ ते ११३१) मात्र चार मुली होत्या: मेलिसेंद, अ‍ॅलिस, होडिएर्ना आणि योवेता. या चार नावांखाली भरपूर जागा सोडा.

योवेता बेथनीच्या मठाची प्रमुख झाली, तिची रेघ तिथेच थांबते. होडिएर्ना त्रिपोलीच्या दुसऱ्या रेमंडला दिली, अ‍ॅलिस अँटिऑकच्या दुसऱ्या बोहेमंडला. मेलिसेंद गादीची वारस, म्हणून तिच्यासाठी ११२९ मध्ये फ्रान्समधून आंजूचा फुल्क आणला. म्हणजे जेरुसलेम, अँटिऑक आणि त्रिपोली या क्रूसेडरांच्या तीन राज्यांचे सत्ताधीश एकमेकांचे साडू. नोंदीत ‘नातेवाईक’ असा मोघम शब्द कधीच लिहू नका. साडू, मेहुणा, मावसभाऊ, सावत्र बहीण असं नेमकं लिहा, कारण हक्क त्या नेमकेपणावरच ठरत होते. होडिएर्नाचा मुलगा तिसरा रेमंड ११७४ मध्ये जेरुसलेमचा कारभारी होतो तो कशाच्या जोरावर? तो मेलेल्या राजाचा, म्हणजे मेलिसेंदच्या मुलाचा अमालरिकचा, मावसभाऊ, आणि अल्पवयीन राजाचा सगळ्यात जवळचा पुरुष आप्त. वंशावळ समोर असेल तर हे सांगावंसुद्धा लागत नाही.

आता फुल्कच्या डावीकडे एक रेघ ओढा. तो बिजवर होता. पहिल्या बायकोपासूनचा त्याचा मुलगा जेफ्री, जेफ्रीचा मुलगा इंग्लंडचा दुसरा हेन्री, आणि हेन्रीचा मुलगा रिचर्ड, ज्याला आपण सिंहहृदयी म्हणून ओळखतो. उजवीकडे मेलिसेंदपासूनचे मुलगे, तिसरा बाल्डविन आणि अमालरिक. अमालरिकची मुलं चौथा बाल्डविन, सिबिला आणि सावत्र इझाबेला. म्हणजे कुष्ठरोगी राजा म्हणून प्रसिद्ध असलेला चौथा बाल्डविन आणि इंग्लंडचा राजा हेन्री हे चुलतभाऊ, आजोबा एकच पण आज्या वेगळ्या. ११८५ मध्ये जेरुसलेमचा धर्मप्रमुख हेराक्लियस पवित्र नगरीच्या किल्ल्या घेऊन थेट इंग्लंडला का गेला, याचं उत्तर या एका रेघेत आहे. हेन्रीने नकार दिला.

प्रत्येक लग्नाच्या रेघेवर बारीक अक्षरात तीन गोष्टी लिहायच्या: लग्न कोणी ठरवलं, त्यातून कोणता मुलूख हाताशी आला, आणि नवरा मेला तेव्हा वारसाचं वय किती होतं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि पुस्तकं नेमकी तीच घाईने उरकतात. अ‍ॅलिसचं पाहा. बोहेमंड ११३० मध्ये लढाईत मेला तेव्हा त्यांची मुलगी कॉन्स्टन्स जेमतेम दोन वर्षांची होती. अ‍ॅलिसने अँटिऑक स्वतःच्या हाती ठेवायचं ठरवलं आणि चालून आलेल्या सख्ख्या बापाला वेशीचे दरवाजे बंद केले. काही वर्षांनी प्वातियेचा रेमंड लग्नासाठी आला, तेव्हा तिची समजूत अशी करून देण्यात आली की नवरी तीच आहे. लग्न लागलं ते आठ-नऊ वर्षांच्या कॉन्स्टन्सशी. अँटिऑक अ‍ॅलिसच्या हातून कायमचं गेलं. हा रेमंड फ्रान्सच्या राणी एलेनॉरचा सख्खा काका. दुसऱ्या मोहिमेत तो अलेप्पोवर चालून जाऊ म्हणत होता, एलेनॉरने काकाची बाजू घेतली, तिचा नवरा सातवा लुई ऐकेना. शेवटी ११४८ च्या जुलैत दमास्कसला वेढा पडला आणि काही दिवसांतच उठला. चारच वर्षांत एलेनॉर त्याच हेन्रीची बायको झाली, जो वर डावीकडे आहे. ही रेघ जोडायला विसरू नका.

दुसरा कागद मुस्लिम घराण्यांसाठी घ्या. तो पहिल्याइतकाच मोठा हवा. बहुतेक जण सलाहुद्दीनचं एक नाव लिहून मोकळे होतात, तसं करू नका. वर इमादुद्दीन झंगी, ज्याने ११४४ मध्ये क्रूसेडरांकडून एडेसा घेतलं. ११४६ मध्ये त्याचा खून झाल्यावर वाटणी झाली: मोसुल सैफुद्दीनकडे, अलेप्पो नूरुद्दीनकडे. शेजारी अय्यूबचं कुर्द घराणं, नूरुद्दीनच्या चाकरीतलं. अय्यूबचा भाऊ शिर्कूह आणि मुलगा सलाहुद्दीन इजिप्तवर गेले. ११६९ मध्ये सलाहुद्दीन तिथला वजीर झाला आणि ११७१ मध्ये त्याने फातिमी खिलाफत संपवली.

दोन्ही कागद शेजारी ठेवून ११७४ हे साल लाल पेन्सिलने रंगवा. मे महिन्यात नूरुद्दीन वारला, मागे अकरा वर्षांचा सालिह. जुलैत अमालरिक वारला, मागे तेरा वर्षांचा बाल्डविन, ज्याच्या अंगात कुष्ठरोग मुरत होता. दोन महिन्यांच्या आत दोन्ही गाद्यांवर पोरं बसली. त्याच वर्षी सलाहुद्दीनने दमास्कस घेतलं आणि पुढे ११७६ मध्ये नूरुद्दीनच्या विधवेशी, इस्मतुद्दीन खातूनशी, लग्न केलं. तिचा बाप उनूर, ज्याने ११४८ चा तो वेढा परतवला होता. वारसाहक्क जोडायची रीत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच चालत होती, आणि ११८७ मध्ये हत्तीनला सलाहुद्दीनकडून झालेल्या जेरुसलेमच्या सैन्याच्या पराभवाची मुळं मला तरी त्या रणांगणापेक्षा या १३ वर्षांत जास्त दिसतात.

पहिल्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ इझाबेलावर घालवा. तिचं पहिलं लग्न ११८३ मध्ये केराकच्या किल्ल्यात लागलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती, नवरा तोरोंचा हम्फ्री, आणि बाहेर सलाहुद्दीनचा वेढा. ११९० मध्ये एकर या बंदरासमोरच्या छावणीत तिची सावत्र बहीण राणी सिबिला आणि तिच्या मुली आजाराने गेल्या. सिबिलाचा नवरा गी द लुसिन्याँ राजा होता तो बायकोच्या हक्काने. बायको गेली तसा हक्क डळमळला. सरदारांनी आणि इझाबेलाच्या आईने मिळून लग्न लहानपणी झालं म्हणून रद्द करवलं आणि तिला माँफेरातच्या कॉनराडशी लावून दिलं. हम्फ्रीवर तिचा जीव होता, पण तिला विचारतंय कोण?

तिसऱ्या मोहिमेत रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप इथे आमनेसामने का आले ते कागदावरच वाचा. लुसिन्याँ घराणं प्वातूमधलं, म्हणजे रिचर्डच्या मांडलिकांपैकी, म्हणून तो गीचा पाठीराखा. कॉनराड फिलिपचा आप्त, म्हणून फिलिप त्याच्या बाजूला. एप्रिल ११९२ मध्ये राजा म्हणून निवड झाल्याबरोबर कॉनराडचा खून झाला आणि आठवड्याभरात गरोदर इझाबेलाचं तिसरं लग्न लागलं, शाम्पेनच्या हेन्रीशी. हाच का? त्याची आई मारी ही एलेनॉर आणि सातव्या लुईची मुलगी. एलेनॉरकडून ती रिचर्डची सावत्र बहीण, लुईकडून फिलिपची. दोन्ही राजांचा भाचा असा नवरा दुसरा कुठे मिळणार! ११९७ मध्ये तो एकरला खिडकीतून पडून मेला आणि चौथा नवरा आला गीचाच भाऊ, एमेरी. ती स्वतः १२०५ मध्ये वारली. चार लग्नं तिच्या हक्कासाठी झाली, आणि इतिहासाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला बहुधा एक परिच्छेद येतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मग मूळ साधनं वाचायला घ्या, पण प्रत्येक लेखकाचं नावही वंशावळीच्या कडेला, ज्या घराण्याजवळ तो होता तिथे लिहा. टायरचा विल्यम चौथ्या बाल्डविनचा शिक्षक. खेळताना इतर मुलं नखं रुतवून ओरबाडायची आणि ओरडायची, हा मुलगा मात्र शांत राहायचा. उजव्या हाताला संवेदनाच नाही हे विल्यमच्या ध्यानात आलं. इतक्या जवळून पाहिलेलं फार थोडं आपल्यापर्यंत पोहोचतं. पण तोच विल्यम तिसऱ्या रेमंडचा पक्षपाती आहे, हे राजाच्या आईविषयीचं त्याचं लेखन वाचताना लक्षात ठेवा. बहाउद्दीन इब्न शद्दाद सलाहुद्दीनच्या पदरी होता, त्यामुळे लेखणीत जिव्हाळा आहे. इब्न अल-असीर मोसुलचा, झंगी घराण्याला मानणारा. सलाहुद्दीनकडे तो जास्त चिकित्सक नजरेने बघतो.

१२०४ चं कॉन्स्टँटिनोपल बहुतेकांना कोडं वाटतं: ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती राजधानी कशी लुटली? त्यासाठी तिसरा, छोटा कागद. तिथल्या पदच्युत बायझंटाइन सम्राटाचा मुलगा अलेक्सिओस मदत मागायला गेला जर्मनीत, बहिणीच्या नवऱ्याकडे, श्वाबियाच्या फिलिपकडे. या चौथ्या मोहिमेचा सेनापती बोनिफास हा कॉनराडचा सख्खा भाऊ. अलेक्सिओसने दोन लाख मार्क कबूल केले, ते त्याला देता आले नाहीत. व्हेनिसचं कर्ज आणि जहाजं कागदावर दिसणार नाहीत, ती समासात लिहा.

एक गोष्ट मात्र कागदावर मांडताच येत नाही: श्रद्धा. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची कत्तल करणारे आणि १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये मुस्लिम आणि ज्यूंना कापून काढणारे लोक कुणाच्या वारसाहक्कासाठी लढत नव्हते. हजारो साधी माणसं घरदार सोडून निघाली ती पापमुक्तीच्या आशेने. घराण्यांचा हिशेब लागला म्हणून धर्म हे नुसतं निमित्त होतं असं ठरवू नका. सत्ता कुणाकडे गेली आणि तह कधी झाला, हे वंशावळ सांगते. माणसं मारायला आणि मरायला का तयार झाली, हे कळायला त्या काळची प्रवचनं आणि प्रार्थना वाचाव्या लागतात.

शेवटी लढाया आणि तह भरा. सरावासाठी १२२९ घ्या: सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला लढाई न करता, अल-कामिलशी तह करून जेरुसलेम मिळालं. फ्रेडरिक कॉनराडच्या रेघेतून इझाबेलाचा नातजावई, आणि अल-कामिल सलाहुद्दीनचा पुतण्या, दमास्कसच्या भावाशी बिनसलेला. दोघांच्या रेघा स्वतः शोधून काढा. त्या सापडल्या की १२९१ वर या. एकर पडलं तेव्हा जेरुसलेमचा राजा म्हणवणारा सायप्रसचा दुसरा हेन्री कुठल्या लेकीकडून आला, ते शोधा. वाट शाम्पेनच्या हेन्रीच्या मुलीकडून, अ‍ॅलिसकडून जाते.