डोअर पॅनलवरची टाचणीएवढी भोकं: माझा अनुभव

गाडीच्या दाराचं आतलं पॅनल कार्बन फायबरचं करायला घेतलं, तर पहिल्या पॅनलवर बारीक भोकं आली. मोल्ड (साचा) आणि कार्बनच्या पहिल्या कापडामध्ये हवा अडकली होती. वरून कितीही क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारा, ती पुन्हा उघडतात.

दुसऱ्या वेळी मोल्डला मेणाचे पाच हात दिले, मग इपॉक्सीचा (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचा) एक कोट, साधारण २०० ग्रॅम. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका तो आवळला की लगेच पहिलं कापड. २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ट्विलचे, म्हणजे तिरक्या विणीच्या कापडाचे, तीन थर लावले; वजन भरलं ४०० ग्रॅम, रेझिनही तेवढंच. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, काट्यावर मोजूनच. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर पॅनल कायम मऊ राहतं. आर्मरेस्टच्या कोपऱ्यात कापड ताणू नका, काप द्या. नाहीतर तिथे कापड पुलासारखं अधांतरी राहून खाली पोकळी राहते.

नाशिकला जुलैत हे काम टाळलेलंच बरं. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो. तो आधी कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच पॉलिश पेपर. नाहीतर क्लिअर फाटतो.

खरा घोळ उन्हाचा. एप्रिलमध्ये बंद गाडीत काळं पॅनल इतकं तापतं की नुसतं हवेवर सुकलेलं इपॉक्सी मऊ पडून विणीचे उंचवटे वर दिसतात. म्हणून मोल्डमधून न काढता प्लायच्या पेटीत ६० अंशांवर आठ तास भाजलं, तापमान तासाला दहा अंशांनी चढवत.

जुन्या पॅनलच्या पॉलीप्रॉपिलीन क्लिपा इपॉक्सीला धरत नाहीत. त्यांच्या बैठका ग्लास फायबरच्या केल्या.