ट्रायजेमिनलच्या ऑपरेशनआधी
माझ्या दोन धडधाकट दाढा फुकट गेल्या, म्हणून पहिलं हेच सांगते: तोंड धुताना, वारा लागताना गालात विजेसारखी कळ येत असेल तर ती दाताची नसून ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नसेची (नर्व्हची) असू शकते; दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. कार्बामाझेपिन या गोळीने कळ बऱ्याचदा दबते, पण रक्तातलं सोडियम तपासत राहा. (मला इतकी गुंगी यायची की भाकरी तव्यावरच करपायची.) गोळी पुरेना, तर एमआरआयमध्ये नस आणि धमनी कुठे भिडतात ते नीट बघून घ्या. ऑपरेशनमध्ये कानामागे कवटीला छोटं भोक पाडून दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात; नस कापत नाहीत. त्या बाजूच्या कानाला धोका असतो, तेव्हा ऐकण्याची तपासणी आधीच करा. केस माझे कानामागचेच कापले, मी उगाच रडले होते. नंतर गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करा.