समुद्र शिकवायचाय? भरतीच्या तक्त्यापासून सुरुवात करा

मुंबई-रायगड पट्ट्यातल्या शाळांमध्ये मी समुद्राची ओळख करून देणारे वर्ग घेते. या कामात नव्याने येणारे बहुतेकजण पहिल्याच तासाला उपग्रहाचा रंगीबेरंगी नकाशा भिंतीवर लावतात. मुलं 'वा' म्हणतात आणि थोड्या वेळात चुळबुळ सुरू होते. नकाशे जरूर दाखवा, पण नंतर. आधी भरतीचा तक्ता, म्हणजे रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची आधीच सांगणारा तक्ता, हातात द्या.

पावसाळ्यात मथळा ठरलेला असतो: 'आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार'. तो मी फळ्यावर लिहिते आणि त्याच दिवसाचा मुंबईचा तक्ता वाटते. तक्त्यातले ४.५ मीटर ही लाटेची उंची नाहीच. नौकानयनाच्या नकाशासाठी नीचतम ओहोटीच्या आसपास एक शून्य पातळी ठरवलेली असते, तिच्यापासून मोजलेली ती पाण्याची उंची. मुंबईची सरासरी समुद्रपातळीच या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे पाणी सरासरीपेक्षा दोनेक मीटर चढणार. लाटा त्या चढलेल्या पाण्यावर वेगळ्या, आणि त्यांचा अंदाज हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या सागरी स्थिती अंदाजात वेगळा दिलेला असतो. डिसेंबरातही मध्यरात्रीच्या सुमारास पाणी साडेचारच्या वर जातं, पण तेव्हा पाऊस नसतो, म्हणून मथळाही नसतो. भरतीच्या वेळी गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असला तर शहर तुंबतं, हे इथे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

मग आलेख कागद. एका पंधरवड्याच्या भरती-ओहोट्या मुलांनी हाताने मांडायच्या, संगणकावर नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे भरती-ओहोटीत मोठा फरक, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी फरक, हे रेषेच्या फुगण्या-आवळण्यात दिसतं. एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात हेही कुणीतरी हमखास हेरतं.

वर्गात कोळ्याघरचं पोर असेल तर ते अजून एक गोष्ट सांगतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाणारेही हाच हिशोब करतात. हा नियम घेऊन तक्त्याशी ताडून बघायला लावा. नियम तिथीमागे ४५ मिनिटं धरतो, खरी भरती दिवसाला सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते. त्यातही उधाणाच्या दिवसांत कमी आणि भांगाच्या दिवसांत जास्त. नियम कुठल्या तिथीला किती चुकतो ते मुलांनाच काढू द्या. माझ्या वर्गांत सगळ्यात जास्त वाद याच तासाला होतात आणि ते मला आवडतात.

पुढचा टप्पा इतर बंदरांचा. एकाच उधाणाला कोचीत पाणी मीटरभर चढतं-उतरतं, मुंबईत पाच मीटरच्या आसपास, भावनगरला दहाच्याही वर. चंद्र तोच, मग फरक का? किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, म्हणजे सागरमंच, मुंबईकडे रुंद होत जातो आणि खंबातचं आखात पुढे निमुळतं होतं. नकाशा समोर ठेवा आणि उत्तर लगेच सांगून टाकू नका.

उपग्रहाची पाळी आता. पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य यांवरून 'इन्कॉइस' मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवतं, मराठीतही. जुलैचा नकाशा उघडला की आपल्या किनाऱ्यावर मोठमोठे पांढरे डाग दिसतात. ढगांमुळे उपग्रहाला खालचं पाणी दिसत नाही. हे डाग लपवू नका आणि अंदाजाने भरूही नका. 'इथे मोजमाप नाही' हे समजणं हा धड्याचाच भाग आहे. मोठ्या मुलांना पुढे 'आर्गो' तरंड्यांकडे, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मापन-यंत्रांकडे न्या. ते साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात, म्हणजे उपग्रहाला जे दिसत नाही ते सांगतात.

एक सावधगिरी. तक्ता हे भाकीत असतं, भरतीमापकाची नोंद हे निरीक्षण. दोन्हींतला फरक बहुतेकदा वारा आणि हवेचा दाब यांच्यामुळे पडतो. महिनाभराच्या नोंदी पाहून 'समुद्र वाढला' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. मुंबईच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत; समुद्रपातळीबद्दल बोलायला तेवढी लांब मालिका लागते.

पदवी कुठली हवी, असं खूपजण विचारतात. भूगोलाचे आणि भौतिकशास्त्राचे दोघेही या कामात चांगले रुळलेले पाहिलेत. हैदराबादलाच सागरविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या अभ्यासक्रमांवर लक्ष ठेवा. आणि मुलांना किनाऱ्यावर नेणार असाल तर आदल्या रात्री लाटांचा अंदाज बघा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरायला लागलं की सगळ्यांना वर घ्या.