मलमलच्या पडद्याची शिवण चुणत होती, ती अशी सुधारली

सुती मलमलचा पडदा मशीनवर शिवताना कडेला चुण्या पडत होत्या आणि पहिल्या दोन टाक्यांतच कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढलं जात होतं. दोष कापडाचा नव्हता. सुई १४ नंबरची, म्हणजे जीन्सजोगी जाड, आणि वरचा धागा फार ताणलेला. ९ नंबरची नवी सुई लावली, ताण ४ वरून अडीचवर आणला, टाका २ मिमी ठेवला. कापडाखाली पांढरा पतंगी कागद घेतला (वर्तमानपत्र नको, शाई लागते) आणि शिवल्यावर टाक्यालगत हलकेच फाडून काढला. सुरुवातीला दोन्ही धाग्यांची टोकं मागे धरली. कापड मात्र कापण्याआधीच रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, दमट असतानाच इस्त्री केलेलं. नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आखूड होतो.