हिवाळी धिंगरी घरच्या घरी: विदर्भाच्या कोरड्या थंडीत कोंब कसे जगवायचे

विदर्भात धिंगरीला (ऑयस्टर मशरूमला) थंडी मिळते, ओल मिळत नाही. डिसेंबरात पहाटे पारा 10 ते 12 अंशांवर उतरतो आणि हिवाळी जातीला तेच हवे असते. पण दुपारी तोच पारा 28 वर चढतो आणि हवेतली आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास येते. कोंबांना 85 ते 90 टक्के लागते. "दिवसातून दोनदा पाणी मारा" हा सल्ला दमट भागात चालत असेल, आपल्याकडे त्याने नुकसानच होते. भुसा भरलेली पिशवी बुरशीने पांढरीशुभ्र भरते, कोंब फुटतात आणि तीन-चार दिवसांत पिवळे पडून वाळतात. बहुतेकांची धिंगरी याच टप्प्यावर जाते, म्हणून बाकीच्या पायऱ्या इथे थोडक्यात आहेत आणि कोंबांचे ते आठ-दहा दिवस सविस्तर.

जात आणि वेळ

स्पॉन (धिंगरीचे बियाणे) मागवताना नुसते "ऑयस्टर" म्हणू नका. तसे सांगितले तर बहुधा साजोर-काजू किंवा फ्लोरिडा हातात पडते, आणि त्या उबदार हवेत येणाऱ्या जाती आहेत. प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटसची हिवाळी जात मागा, तिला फळधारणेसाठी 12 ते 18 अंश लागतात. आपल्याकडे निळी ऑयस्टर म्हणून विकतात ती बहुधा हिप्सिझायगस उल्मारियस असते. ती थोडी जास्त उष्णता सोसते, म्हणून पहिल्यांदा लावणाऱ्याने तीच घ्यावी. किंग ऑयस्टरच्या नादी पहिल्या हिवाळ्यात लागू नये, तिचे निर्जंतुकीकरण घरच्या गंजात (पातेल्यात) जमत नाही.

स्पॉन ताजे घ्या, महिन्याभराच्या आतले. दाण्यांवर पांढरी दाट बुरशी हवी. हिरवा ठिपका दिसला किंवा आंबूस वास आला तर पाकीट परत करा. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ऑक्टोबरातच मागणी नोंदवून ठेवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिशव्या भरल्या तर बुरशी पसरायला उबदार दिवस मिळतात आणि कोंब फुटायच्या वेळी थंडी येते. शेवटची भरणी 20-25 डिसेंबरपर्यंत उरका. संक्रांतीनंतर भरलेल्या पिशव्यांना फिकी, पातळ छत्री येते.

कुटार

धिंगरी ज्यावर वाढवायची ते कुटार (मळणीनंतरचा भुसा) सोयाबीनचे असेल तर सगळ्यात सोयीचे. थ्रेशरमधून निघालेले कुटार आधीच बारीक असते, त्यामुळे तोडण्याचे काम वाचते. पण ते चाळल्याशिवाय घेऊ नका. त्यात शेंगांत अडकलेले दाणे, माती आणि पानांचा चुरा असतो, आणि पिशवीत दाणा सडला की हिरवी बुरशी तिथूनच सुरू होते. पावसात भिजून काळे पडलेले कुटार नको. शेवटच्या फवारणीनंतर लगेच सोंगलेल्या शेतातलेही नको. गव्हांडा (गव्हाचा भुसा) चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची तणस हाताशी असते, तीही उत्तम. फक्त ती पाणी जास्त धरते, म्हणून निथळायला जास्त वेळ द्या.

कुटार पोत्यात भरून सहा ते आठ तास भिजवा. मग ड्रममध्ये 80 अंशांच्या पाण्यात पूर्ण एक तास बुडवून ठेवा. चुलीत पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) असल्या की जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून अंदाजावर न राहता दुधाचा थर्मामीटर वापरा. पोते वर तरंगते, त्यावर दगड ठेवा. बाविस्टीन आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात भिजवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात. घरी खायच्या चार-सहा पिशव्यांसाठी बुरशीनाशक वापरायचे काहीच कारण नाही.

आता निथळणे. स्वच्छ पुसलेल्या बाजेवर कुटार सावलीत पसरा, वर जाळी टाका. मूठभर घेऊन जोरात दाबल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये. यापेक्षा पक्की खूण हवी असेल तर वजन करा. एक किलो कोरडे कुटार निथळल्यावर अडीच ते पावणेतीन किलो भरले पाहिजे. तीन किलोच्या वर गेले तर परत पसरा, घाई करू नका. जास्त ओले कुटार पिशवीच्या तळाशी सडते आणि त्याला कुबट वास येतो. पुढे कितीही काळजी घेतली तरी ती पिशवी सुधारत नाही.

भरणी आणि वाढ

14 बाय 22 इंचाची पॉलिथिन पिशवी, किलोभर कोरड्या कुटाराला 100 ग्रॅम स्पॉन, तीन-तीन इंचांचे थर. स्पॉन कडेने जास्त आणि मध्ये कमी टाका. प्रत्येक थर हाताने घट्ट दाबा, कारण पोकळी राहिली की आतच कोंब फुटतात. तोंड बांधा आणि निर्जंतुक सुईने किंवा खिळ्याने 20-25 भोके पाडा. हात स्पिरिटने पुसलेले असावेत आणि भरताना पंखा बंद.

अंधाऱ्या खोलीत 22 ते 25 अंशांत तीन आठवडे ठेवा. दोन पिशव्यांत वीतभर अंतर सोडा, कारण बुरशी वाढताना पिशवी आतून तापते. रात्री फार गारठा असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवा, चुलीजवळ मात्र नको. हिरवी किंवा नारिंगी बुरशी दिसली तर ती पिशवी न उघडता हळूच घराबाहेर नेऊन पुरा. थोडे पिवळसर पाणी साचले तर घाबरण्यासारखे काही नाही.

कोंबांचे दिवस

पिशवी पूर्ण पांढरी आणि हाताला टणक लागली की फळधारणेची वेळ झाली. इथे पहिला चुकीचा सल्ला ऐकायला मिळतो: प्लॅस्टिक पूर्ण काढून ठोकळा उघडा टांगा. आपल्या हिवाळ्यात हे करू नका. उघड्या ठोकळ्याचा बाहेरचा थर दोन दुपारींत चिवट आणि कोरडा होतो आणि त्यातून कोंब वर येऊ शकत नाही. प्लॅस्टिक तसेच ठेवून ब्लेडने सहा ते आठ ठिकाणी दोन-दोन इंचांच्या फुलीसारख्या चिरा द्या. ओल आत टिकते, कोंब चिरेतून बाहेर येतात आणि घडही मोठा बसतो.

चिरा दिल्यावर तीन-चार रात्री पिशव्या गारठ्यात हव्यात. 24 अंशांवरून 12-15 वर आलेला पारा हाच हिवाळी जातीला फळायचा इशारा असतो. उत्तरेकडची ओसरी किंवा धाब्याच्या घरातली मातीच्या भिंतीची खोली यासाठी सगळ्यात चांगली. टिनाच्या छताखाली अजिबात ठेवू नका, कारण टिन रात्री गार पडते तसे दुपारी तापतेही. उजेडही हवा: खोलीत वर्तमानपत्र वाचता यावे इतका, दिवसाचे दहा-बारा तास, पण थेट ऊन नको.

आता खरी अडचण. कोंबांना दमट हवा लागते आणि ताजी हवाही लागते, आणि आपल्याकडे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. खिडकी उघडली की कोरडा वारा कोंब सुकवतो. बंद केली, किंवा प्लॅस्टिकचा तंबू ठोकला, की ओल राहते पण पिशव्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दांडे लांबच लांब वाढून वर बटणाएवढी छत्री येते. तंबूत वाढवलेल्या धिंगरीचे फोटो पाहिले तर दांड्यावरूनच ओळखू येते. तंबूच्या मी पूर्ण विरोधात आहे.

उपाय आपल्या घरात आधीच आहे. उन्हाळ्यानंतर झाकून ठेवलेला कूलर काढा. कूलर बाहेरची ताजी हवा ओल्या ताट्यांमधून (त्याच्या बाजूंच्या गवताच्या पॅडमधून) आत ओढतो, म्हणजे वारा आणि ओल एकाच वेळी मिळतात. शिवाय 28 अंश आणि 35 टक्के आर्द्रतेच्या दुपारच्या हवेला तो 20 अंशांच्या आसपास आणतो. उन्हाळ्यात 44 अंशांच्या हवेत त्याला पारा 20 पर्यंत आणणे जमत नाही, हिवाळ्यात जमते.

पण तो लावायची रीत आहे. ताट्या नव्या टाका, कारण जुन्या ताट्यांत बुरशीचे बीजाणू असतात. टाकी ब्लीचिंग पावडरने घासून धुवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. तोंड पिशव्यांकडे न ठेवता समोरच्या भिंतीकडे करा, म्हणजे हवा भिंतीवर आपटून सावकाश पसरेल. समोरचे दार चार बोटे उघडे असू द्या, नाहीतर आतली हवा बाहेर जाणारच नाही. सकाळी 11 ते संध्याकाळी 5 या वेळेत दर दीड तासाने वीस मिनिटे, पंखा सगळ्यात कमी वेगावर. रात्री कूलर नको. रात्री बाहेरची आर्द्रता आपोआप वाढते, तेव्हा जाळी लावलेली खिडकी उघडी ठेवली की पुरते.

वारा जास्त होतोय का, हे तपासायला पिशवीशेजारी वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दोऱ्याने टांगा. पट्टी हलकेच डुलली तर ठीक, फडफडली तर कूलर आणखी वळवा. आर्द्रतामापक पिशव्यांच्या उंचीवर लावा. जमिनीजवळचा आकडा नेहमी जास्त दिसतो आणि फसवतो.

कूलर नसेल किंवा भारनियमनात दुपारीच वीज जात असेल तर खिडकीवर गोणपाटाचे दुहेरी पडदे लावा आणि त्यांची खालची टोके पाण्याच्या बादलीत सोडा. वरून सलाईनची नळी लावून थेंब-थेंब पाणी सोडले तर पडदा दिवसभर ओला राहतो. जमिनीवर दोन इंच रेती पसरून ती भिजवत राहा. हे कूलरइतके नेमके होत नाही, पण चार-पाच पिशव्यांना पुरते.

फवारणीबद्दल एकच नियम: कोंबांवर पाणी मारायचे नाही. टाचणीच्या डोक्याएवढ्या कोंबावर थेंब बसला की तो कुजतो. भिंती, जमीन आणि हवेत बारीक फवारा मारा. छत्री दोन-तीन सेंटीमीटरची झाली की वरून अगदी हलका फवारा चालतो, पण तो तास-दोन तासांत वाळला पाहिजे. तासन्तास ओल्या राहिलेल्या छत्रीवर जिवाणूंचे पिवळे-तपकिरी चिकट डाग पडतात आणि असा घड टाकून द्यावा लागतो.

पाणी कोणते, हेही बघा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी फवाऱ्यात घालू नका, त्यातले क्षार कोंब जाळतात. कूलरमध्येही ते ताट्यांवर थर धरते. गोडे पाणी आणा. नळाचे असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल.

कोंब काय सांगतात ते रोज सकाळी बघा. दांडा लांब आणि छत्री लहान असेल तर वारा कमी पडतोय. छत्रीच्या कडा वाळून चिरल्या असतील तर ओल कमी. कोंब पिवळे पडून मऊ झाले असतील तर पाणी जास्त. रंगाकडेही लक्ष द्या: निळी-राखाडी जात गारठ्यात गडद राहते आणि फिकट पडायला लागली की दुपारी खोली तापते आहे का ते बघा. एका दिवशी एकच गोष्ट बदला. पाणी, वारा आणि जागा एकदम बदलली तर नेमके कशाने सुधारले ते कळत नाही.

तोडणी

कोंब दिसल्यापासून सहा ते नऊ दिवस लागतात, थंडी कडक असेल तर थोडे जास्त. छत्रीची कड अजून किंचित आत वळलेली असतानाच पूर्ण घड मुळाशी धरून पिळून काढा. चाकूने कापून बुडखा मागे ठेवला तर तो सडतो. कड वर उलटून लाटेसारखी झाली म्हणजे उशीर झाला. मग पांढरे बीजाणू पडायला लागतात आणि त्यांनी खोकला आणि दमा उठतो. म्हणून पिशव्या झोपायच्या खोलीत ठेवू नका आणि तोडताना तोंडाला रुमाल बांधा. तोडणीच्या दिवशी पाणी मारू नका, कोरडी धिंगरी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. धिंगरी शिजवूनच खा, कच्ची नको.

दुसरा बहर आठ-दहा दिवसांनी येतो. मधल्या काळात चिरा साफ ठेवा आणि खोलीची ओल सुटू देऊ नका. तीन बहर मिळून एक किलो कोरड्या कुटारावर 500 ते 700 ग्रॅम धिंगरी निघाली तर बेत चांगला जमला. पिशवीभोवती बारीक माश्या घोंघावायला लागल्या तर 40 मेशची जाळी आणि पिवळे चिकट सापळे लावा, कीटकनाशक नाही.

फेब्रुवारीत दुपार 32 च्या पुढे गेली की उरलेल्या पिशव्या मोडून कुटार गांडूळखताच्या वाफ्यात घाला. प्लॅस्टिक वेगळे काढा, कूलरची टाकी धुऊन उन्हात वाळवा आणि ताट्या फेकून द्या. त्याच ताट्या उन्हाळ्यात घरासाठी वापरू नका.