मक्याच्या रोपावरूनच दाण्याचा कस कसा ओळखायचा

पानात लायसिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक) मोजायचं नसतं, ओपेक-२ या जनुकाच्या दोन प्रती कशा आहेत ते पाहायचं असतं. या जनुकाच्या दोन्ही प्रती सुप्त, म्हणजे काम न करणाऱ्या, असल्या की दाण्यातलं लायसिन आणि ट्रिप्टोफॅन (तसाच दुसरा घटक) जवळपास दुप्पट होतं, हे १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात दिसून आलं. एकच सुप्त प्रत असेल तर मात्र दाणा साध्या मक्यासारखाच दिसतो. साध्या आणि ओपेक-२ मक्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत चारांतलं एकच रोप कामाचं निघतं. सोलापुरात उरलेल्या तिघांना तुऱ्यापर्यंत पाणी पाजायचं कशाला?

प्रोट्रेत कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एकच बी टाका. क्रमांक ट्रेवर आणि वहीत, दोन्हीकडे लिहा. साधारण बाराव्या ते पंधराव्या दिवशी, ३-४ पानं आली की कोवळ्या पानाचं टोक ४-५ सें.मी. कापा. दर रोपानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. पोंग्यात लष्करी अळीची विष्ठा असेल तर ते पान घेऊ नका. नमुना लगेच बर्फाच्या डब्यात गेला पाहिजे. इथल्या उन्हात पिशवीत राहिलेलं पान दुपारपर्यंत उबतं, डीएनए तुटतो आणि डीएनए तपासणीच्या जेलवर पट्ट्यांऐवजी नुसता पसरट डाग दिसतो. बर्फ नसेल तर कागदी पाकिटात घालून पानाच्या दहापट सिलिका जेलमध्ये वाळवा.

प्रयोगशाळेत सीटॅब (एक रसायन) पद्धतीनं डीएनए काढून यूएमसी १०६६ या मार्करनं (या जनुकातली डीएनएची खूण) पीसीआर करा, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवा. साध्या आणि सुप्त प्रतीच्या पट्ट्यांतलं अंतर फार थोडं असतं. साध्या १ टक्का अगारोजच्या जेलवर ते उलगडत नाही, ३-४ टक्क्यांचं उच्च विभेदनाचं अगारोज लागतं. प्रत्येक जेलवर दोन्ही पालक आणि त्यांचा संकर चालवाच. संकर नसेल तर दोन पट्ट्या दिसल्यावर रोप मिश्र आहे की नमुन्यात शेजारच्याचा अंश मिसळला, हे ठरवता येत नाही. पालकांत हा मार्कर फरकच दाखवत नसेल तर फाय ०५७ हा दुसरा मार्कर तपासा.

फक्त ओपेक-२ पालकाची पट्टी दाखवणारी रोपं निवडा. ती लावल्यावर कणसाला रेशीम फुटण्याआधीच पिशवी घाला आणि त्याच झाडाचे परागकण वापरा. आपल्याकडं शेजारी मुरघासाचा मका असतोच. त्याचे परागकण पडले की निवडलेल्या झाडावरही साधेच दाणे भरतात.

काढणीनंतर दाणे प्रकाशपेटीवर ठेवा. ज्यांचा २५ ते ५० टक्के भाग अपारदर्शक आहे असे दाणे राखा. पूर्ण पांढुरके दाणे मऊ असतात, त्यांना सोंडे लवकर लागतात. शेवटी ट्रिप्टोफॅनची रासायनिक तपासणी करा, कारण त्याचं प्रमाण कमी-जास्त करणारी इतर जनुकंही आहेत आणि हा मार्कर ती दाखवत नाही. साध्या मक्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन ०.४ टक्क्याच्या आसपास असतं; ०.६ च्या खाली राहिलेला वंश (एका झाडापासूनची संतती) पुढं नेऊ नका.