कोडब्लॉक्समध्ये ग्राफिक्स डॉट एच कसं चालवायचं

कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल लागलं की डीडीए आणि ब्रेसनहॅम हे रेषा काढायचे अल्गोरिदम राहतात बाजूला, आधी सगळे एकाच गोष्टीला अडतात, घरच्या लॅपटॉपवर ग्राफिक्स डॉट एच, म्हणजे चित्रं काढायच्या फंक्शन्सची हेडर फाइल, चालत नाही. टर्बो सी हा जुना कंपायलर डॉसबॉक्समध्ये टाकून चालतं, पण ते डॉसच्या काळातलं 16 बिटचं सॉफ्टवेअर आहे, रोज त्यात कोड लिहायचा म्हणजे जीव नकोसा होतो. त्यापेक्षा कोडब्लॉक्स हे कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर आणि विनबीजीआयएम ही लायब्ररी घ्या. ही लायब्ररी टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँडची जुनी फंक्शन्स विंडोजवर चालवते, सर्कल, लाइन, पुटपिक्सेल सगळी नावं तीच, त्यामुळे जर्नलमधला कोड जवळपास जसाच्या तसा चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंपायलर 32 बिटचाच हवा. विनबीजीआयएमची तयार मिळणारी लायब्ररी फाइल 32 बिटची असते आणि कोडब्लॉक्स 20.03 चा नेहमीचा सेटअप 64 बिटचा कंपायलर देतो, तिथेच सगळं फसतं. ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असं काहीतरी दिसतं आणि खाली लायब्ररी सापडत नाही म्हणून एरर. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या, फाइल खराब आहे समजून मी तीनदा डाउनलोड केली, फाइल बरोबरच होती. 17.12 चा मिनजीडब्ल्यूवाला, म्हणजे कंपायलर सोबत असलेला, सेटअप घ्या, त्यात कंपायलर 32 बिटचा येतो. आधीचं व्हर्जन काढून 17.12 टाकलं असेल तर सेटिंग्ज, कंपायलर, टूलचेन एक्झिक्युटेबल्समध्ये जाऊन पाथ नक्की बघा, जुनाच राहिलेला असतो बऱ्याचदा.

मग ग्राफिक्स डॉट एच आणि विनबीजीआयएम डॉट एच या दोन फाइली मिनजीडब्ल्यूच्या इन्क्लूड फोल्डरमध्ये टाका आणि लिबबीजीआय डॉट ए ही लायब्ररी फाइल लिब फोल्डरमध्ये. अॅडमिन परमिशन मागेल, द्या.

लगेच रन करू नका. ग्राफिक्स डॉट एच उघडा आणि 302 नंबरच्या ओळीवर जा, तिथे प्रिंटइमेज फंक्शनच्या पॅरामीटर्समध्ये ‘राइट’ हे नाव दोनदा आलंय. लेफ्टच्या लगेच नंतरचं जे राइट आहे, ज्याची किंमत शून्य दिलीये, ते बदलून ‘टॉप’ करा, दुसऱ्याला हात लावू नका. हे नाही केलं तर तुमच्या कोडमध्ये काहीही चूक नसताना ‘रीडेफिनिशन’चा एरर येतो आणि माणूस स्वतःचाच प्रोग्राम तपासत बसतो.

आता सेटिंग्ज, कंपायलरमध्येच लिंकर सेटिंग्ज, लिंकर म्हणजे तुमचा कोड लायब्ररींना जोडणारा भाग. उजवीकडच्या अदर लिंकर ऑप्शन्समध्ये या क्रमाने सहा नावं: बीजीआय, जीडीआय32, कॉमडीएलजी32, यूयूआयडी, ओएलईएयूटी32, ओएलई32. सगळी स्मॉल अक्षरांत, प्रत्येकाच्या आधी मायनसचं चिन्ह आणि स्मॉल एल, मध्ये जागा न सोडता. तो एल आहे, 1 हा आकडा नाही, इथे बरेच जण चुकतात. बीजीआय पहिलंच राहू द्या, कारण त्याला लागणारी फंक्शन्स लिंकर पुढच्या नावांमध्ये शोधतो.

पहिला प्रोग्राम अगदी छोटा करा. फाइल डॉट सीपीपी नावाने सेव्ह करायची, डॉट सी चालणार नाही. इनिटविंडोला 640 आणि 480 द्या, मग सर्कलला 320, 240, 100, मग गेटसीएच आणि शेवटी क्लोजग्राफ. मधोमध पांढरं वर्तुळ दिसलं की जमलं. वाय वरून खाली वाढतो हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिला त्रिकोण हमखास उलटा येतो. आणि खिडक्या दोन उघडतात, कन्सोल वेगळं, ग्राफिक्स वेगळी. की दाबून प्रोग्राम बंद होत नसेल तर आधी ग्राफिक्सच्या खिडकीवर क्लिक करा, गेटसीएच तिथलीच की ऐकतं.